कादंबरीसाठी चुलीवर चढलेलं खापर

मित्रांनो, मी एक जुनं खापर आहे. कुणाचंही काही चुकलं की लोक खापर दुसऱ्याच्या माथी फोडतात. त्यात माझा काय दोष, ते मला अजून कळलेलं नाही. माझं खरं काम वेगळं. अमळनेरजवळच्या कुंभाराने मला घडवलं आणि एक सासू मला डोक्यावरून घरी घेऊन आली. मला चुलीवर पालथं घालायचं, खाली जाळ करायचा आणि माझ्या पाठीवर पुरणाचे मांडे भाजायचे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी माझ्याभोवती जमायच्या. त्या सासूचा मांडा हातांवर फिरत कोपरापर्यंत पसरायचा, पण फाटायचा नाही. फार गुणाची बाई.

ती गेली. घरात गॅस आला, सून सुगंधाबाईंचे खांदे दुखू लागले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे एका कोंबडीने माझ्यात संसार थाटला. काय बोलणार?

यंदा कॉलेजात शिकवणारी कामिनी सुगंधाबाईंकडे आली. दीडशे वर्षांपूर्वीच्या खानदेशावर ती कादंबरी लिहिते आहे. तिची नायिका सासरी पहिल्यांदा मांडे करते. कामिनीने जुने कागद चाळले, मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, तरी ते पान जमेना.

"अक्का, तिच्या हातांना काय वाटत असेल, तेच मला कळत नाही," ती म्हणाली.

सुगंधाबाईंनी पुरण-कणीक तयारच ठेवली होती. त्यांनी मला धुतलं, बोटाने वाजवलं. आवाज बद्द आला. बद्द आवाज म्हणजे अंगात कुठेतरी चीर आहे, जाळावर टिकेल याचा भरवसा नाही.

"राहू द्या अक्का," कामिनी म्हणाली. "तुमच्या सासूबाईंची ही एकच वस्तू उरलीय. मी मनानेच लिहीन."

खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. पण सुगंधाबाई चूल पेटवत म्हणाल्या, "मातीनं शे, एक दिन फुटीच. मन्या सासूना हात कोठे लिखेल शेतस? तू लिख." सासूबाईंचे हात कुठे लिहून ठेवलेत, असं त्यांचं म्हणणं.

कामिनीचा मांडा फाटला. पुन्हा केला, पुन्हा फाटला. मग सुगंधाबाईंनी तिच्या हातांखाली आपले हात घातले. मांडा फिरू लागला, रुंद होत गेला. दोघींनी श्वास रोखून तो माझ्यावर टाकला, आणि माझ्या पाठीत टच्चकन आवाज झाला.

कामिनीचा चेहरा पडला.

"भाजू दे," सुगंधाबाई म्हणाल्या.

मी कसाबसा तग धरला. मांडा उतरला आणि मग माझे दोन तुकडे झाले. सुगंधाबाईंनी पदराने डोळे पुसले, मांड्यावर तूप घातलं आणि म्हणाल्या, "आधी खाय. गरम शे."

कामिनीने ते पान अजून लिहिलेलं नाही. एकटीला मांडा जमला की लिहीन, म्हणते. त्यासाठी तिने बाजारातून नवं खापर आणलं आहे आणि दर रविवारी ती सुगंधाबाईंकडे येते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण माझ्यासारखं खापर बाजारात पुन्हा मिळतं. सुगंधाबाईंचे हात मिळत नाहीत. ते आहेत तोवर त्यांच्याजवळ जाऊन बसा.