यंदाची गरीब मुलगी

पेनिफोल्ड शाळेत गरीब मुलगी व्हायचं तर घर चांगलंच श्रीमंत असावं लागे.

शाळा काढली लेडी पेनिफोल्ड नावाच्या विधवेने, नवऱ्याच्या बिअरच्या भट्ट्यांतून आलेल्या पैशावर. त्या पैशाचा वास जावा म्हणून असेल, पण तिने एक नेम घालून दिला. दरसाल संस्थापक दिनाला गावातली एक गरीब मुलगी बोलवायची, तिला मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसवायचं, मुख्याध्यापिकेने तिला आपल्या हाताने वाढायचं आणि ती मागेल ते द्यायचं. सुरुवातीला खरोखरच्या गरीब मुली आल्या. पण त्यांच्या बुटांना चिखल असे, त्या सूप पिताना आवाज करत, आणि एकीने तर चक्क हिवाळ्यापुरता कोळसा मागितला. तेव्हापासून गरीब मुलीचं काम शाळेतल्याच मुली करू लागल्या. गोणपाटाचा झगा, पांढरं एप्रन, हातात चांदीचा वाडगा. वाडगा रिकामा असे, कारण खाली गालिचा होता. मुलगी ठरल्याप्रमाणे अर्ध्या दिवसाची सुट्टी मागे, बिशप टाळ्या वाजवत, आणि तो फोटो वर्षभर शाळेच्या माहितीपत्रकावर झळके. त्या एका फोटोसाठी आया एकमेकींचे गळे धरायला कमी करत नसत.

धर्मशिक्षण शिकवणाऱ्या हेस्टर डॅलिमोरला या सोहळ्याची दरवर्षी किळस येई, आणि दरवर्षी ती तिसऱ्या रांगेत बसून तो पाही. तिचं लग्न झालेलं नव्हतं, केस पांढरे झाले होते, जीभ मात्र अजून कोवळ्या काकडीसारखी कुरकुरीत होती. मुख्याध्यापिका मिसेस ब्रँडरेथला ती 'दुकानदारीण' म्हणे. शाळेच्या पाद्र्याला 'झग्यातलं बिस्किट'. पालकांबद्दल ती जे म्हणे ते ऐकायला स्टाफरूममध्ये लोक चहा गार करून बसत. हे सगळं अर्थात दार लावून. दाराबाहेर ती मिसेस ब्रँडरेथला 'गुड मॉर्निंग, फेलिसिटी' म्हणे आणि हसे.

यंदाची गरीब मुलगी जॉर्जियाना विंडल व्हायची होती. तिचा बाप शाळेचा विश्वस्त, अर्ध्या परगण्यात त्याने घरं बांधलेली. पण फेब्रुवारीच्या सुट्टीत बर्फावर घसरताना जॉर्जियानाने पाय मोडून घेतला. तिच्या जागेसाठी तीन आया अशा भांडल्या की मिसेस ब्रँडरेथने शेवटी जिची आई कुणाशी भांडणार नाही अशी मुलगी निवडली. टॅम्झिन ऑर्गिलच्या आईचं नावच कुणाला ठाऊक नव्हतं. ती इस्पितळाच्या धुलाईत कामाला होती आणि टॅम्झिन फी-माफीवर शिकत होती. यावर एका बाईने फार नाजूक हरकत घेतली: बिचारीला वाईट नाही का वाटणार? म्हणजे गरीब मुलीचं काम गरीब मुलीने करणं तेवढं या लोकांना असभ्य वाटत होतं.

खरी गोष्ट याहून वाईट होती. विश्वस्तांनी नाताळात फी-माफीच बंद केली होती. हॉकीच्या मैदानाला दिवे लावायचे होते, मुलींना संध्याकाळी अंधारात खेळावं लागे ना. टॅम्झिन उन्हाळ्यात शाळा सोडणार होती.

हेस्टरच्या साऱ्या नोकरीत मनापासून आवडलेली ही एकच मुलगी. लेडी पेनिफोल्डच्या दानशूरपणावर पाद्री वर्गात येऊन बोलत होता, तेव्हा टॅम्झिनने हात वर करून विचारलं होतं की भट्टीवर राबणाऱ्यांच्या मुली मग कुठल्या शाळेत जायच्या. पाद्र्याने घड्याळ पाहिलं. हेस्टरला वाटलं, चला, एक तरी डोकं सापडलं.

म्हणून सोहळ्याच्या आदल्या दिवशी तिने टॅम्झिनला वर्गात थांबवून घेतलं आणि दार लावलं.

"उद्या सुट्टी मागू नकोस," ती म्हणाली. "शिक्षण पूर्ण होईपर्यंत मला इथे राहू द्या, एवढंच माग. बिशपांसमोर, साऱ्या पालकांसमोर. नेम आहे तो शाळेचा. नाही म्हणायची कुणाची छाती होते ते बघू."

टॅम्झिनने शांतपणे ऐकून घेतलं, मान हलवली आणि दप्तर उचललं. हेस्टरने तो होकारच धरला. त्या रात्री तिला छान झोप लागली. ब्रँडरेथचा चेहरा कसा पडेल हे ती डोळ्यांपुढे आणत राहिली.

दुसऱ्या दिवशी सभागृह टोप्यांनी भरलं. बिशप आले, दिव्यांसाठी पैसे देणाऱ्यांची नावं वाचली गेली, मग देवाचेही आभार मानले गेले. पहिल्या रांगेत मिसेस विंडल, शेजारी कुबड्या घेतलेली जॉर्जियाना, दोघींची तोंडं लिंबू चोखल्यासारखी. टॅम्झिन मोठ्या खुर्चीत बसली. जॉर्जियानाच्या मापाने शिवलेला झगा तिला आखूड होत होता. मिसेस ब्रँडरेथने रिकामा वाडगा दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला आणि नाटकी मायेने विचारलं, "मुली, तुला काय हवंय?"

टॅम्झिनने समोर पाहिलं. तिची नजर तिसऱ्या रांगेपर्यंत आली, तिथे जराशी थांबली. हेस्टर खुर्चीत पुढे सरकली.

"अर्ध्या दिवसाची सुट्टी द्या," टॅम्झिन म्हणाली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. बिशपांनी तर मांडीवर थाप मारली.

कपडे बदलायच्या खोलीत हेस्टरने तिला गाठलं. टॅम्झिन झगा घडी करून ठेवत होती.

"अशी संधी पुन्हा येणार आहे का?" हेस्टर म्हणाली. "घाबरलीस?"

"नाही, मिस."

"मग? त्या बसस्थानकामागच्या शाळेत जायचंय तुला? तिथे मास्तर नाताळापर्यंतसुद्धा टिकत नाहीत."

"आई बघून आलीय. बरी आहे." टॅम्झिनने एप्रनची नाडी गुंडाळली. मग तिने मान वर केली. "मिस, नाताळात विश्वस्तांनी ठरवलं, तेव्हा तुम्ही तिथे होतात ना? शिक्षकांच्या वतीने?"

"होते."

"काय म्हणालात?"

हेस्टर काहीच म्हणाली नव्हती. बैठक संपल्यावर स्टाफरूममध्ये मात्र ती म्हणाली होती की आता या दिव्यांत प्रभूलाही पेनिफोल्डच्या मुली रात्री नीट दिसतील. लोक पोट धरून हसले होते.

"त्याचा काही उपयोग झाला नसता," ती म्हणाली.

"मला तर असंही जायचंच होतं," टॅम्झिन म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तेच हेस्टरला सोसेना. "आणि तुम्हाला तर कुणी काढणार नव्हतं. तरी तुम्ही बोलला नाहीत, आणि मागायला मला पाठवलंत. अजून तीन वर्षं राहिले असते ना, तर मीही दार लावून बोलायला शिकले असते."

तिने घडी केलेला झगा बाकावर ठेवला, आपला कोट घातला, "येते, मिस," म्हणाली आणि गेली. हेस्टर तिच्याहून तिपटीने मोठी, उत्तरांसाठी प्रसिद्ध बाई. तिने बाकावरच्या झग्याची घडी मोडून पुन्हा घातली.

दारात मिसेस ब्रँडरेथ डोकावली. "अहो हेस्टर, इथे काय करताय? बिशप कधीचे विचारताहेत. चला, चहा गार होतोय."

हेस्टर गेली. बिशपांनी तिच्यासाठी शेजारची खुर्ची ओढली. यंदाची मुलगी फारच गोड होती, ते म्हणाले, आणि किती समजूतदार; भलतंसलतं काही मागितलं नाही. समोर मिसेस ब्रँडरेथ हसत होती.

"हो," हेस्टर म्हणाली, "फारच गोड," आणि पुढे आलेल्या ताटलीतून तिने केकचा तुकडा उचलला.