मागची सीट

कल्याणनं मोटारसायकलचं चेनकव्हर कापूस तोलायच्या काट्याला अडकवलं आणि मान तिरकी करून सुई कुठं थांबते ते पाहिलं. सुई जेमतेम हलली. एवढ्याशा पत्र्यासाठी त्यानं गंजलेल्या बोल्टांशी सकाळभर झटापट केली होती, तरी गडी खूश दिसला. पत्रा काढून त्यानं लिंबाच्या बुंध्याशी पडलेल्या ढिगावर भिरकावला. त्या ढिगात हेडलाईट होता, आरसे होते, दोन्ही मडगार्डं होती, स्टँड होतं, आणि लग्नाच्या वेळी हौसेनं बसवलेली साडीची जाळीही होती.

"आता इंजिनबी काढ," ओट्यावर लाल मिरच्यांची देठं खुडत बसलेली नंदाबाई म्हणाली. "मंग सायकल होईल. सायकल तर शालूला येतीच."

"माय, तू मिरच्या खुड."

"खुडून राह्यले की. तोंडाला काय काम हाये?"

लेकाचं हे लग्नातल्या गाडीची पिसं काढणं नंदाबाईला पसंत नव्हतं. पण लेक कित्येक महिन्यांनी काहीतरी मन लावून करत होता, म्हणून ती टोमण्यांवरच भागवत होती. तो उठायचा, वॉकर पुढं सरकवायचा, एक पाना उचलायचा आणि पुन्हा बाजेवर बसून घाम पुसायचा. त्याच्या खुब्यात लोखंडी पट्टी होती. डाव्या पायावर अजून भार देता येत नव्हता.

धावड्याच्या डोंगराखाली दर हिवाळ्यात हौशी पोरांची मोटारसायकल ट्रायल भरायची. ती काही शर्यत नव्हे. दगडधोंड्यांतून, गाडीवर उभं राहून, मुंगीच्या पावलानं पुढं जायचं आणि पाय जमिनीला लावायचा नाही, एवढाच त्यातला नियम. पाय टेकला की गुण गेला. कल्याण त्यात दोनदा दुसरा आला होता. तिसऱ्या खेपेला पहिला यायच्या नादात तो गाडीसकट दरडीवरून खाली आला. ती गाडी भंगारात गेली आणि तो बाजेवर आला.

वस्तीपासून डांबरी रस्ता तसा लांब नव्हता, पण मधे नाला होता, आणि नाल्यात गोट्यांपासून रांजणाएवढ्या धोंड्यांपर्यंत सगळं पडलेलं. रिक्षा तिथं येत नसे. दवाखान्यातून परत आणलं तेव्हा कल्याणला बैलगाडीत आडवं घालून आणलं होतं. रस्त्याच्या कडेला माणसं उभी होती. कुणी चुकचुकलं, कुणी डोक्यावरची टोपी काढली. जित्या माणसासाठी टोपी काढलेली त्याच्या फार जिव्हारी लागली. पुन्हा या नाल्यातून आडवं होऊन जायचं नाही, बैलगाडीत नाही आणि ट्रॉलीतही नाही, असं त्यानं तेव्हाच मनाशी ठरवलं. तेव्हापासून बाज, लिंब आणि न्हाणी, एवढंच त्याचं जग उरलं होतं. तिथं बसून तो नाल्यापलीकडच्या गाड्यांचे आवाज ऐकायचा आणि आतल्या आत सडत असल्यासारखं त्याला वाटायचं.

यंदा ट्रायलमध्ये बायकांचा वेगळा गट आहे असं कळलं, तेव्हा त्यानं बायकोला म्हटलं, "तू उतर. मी शिकवतो." शालू आधी हसली. मग तिनं खरंच हँडल धरलं.

पण कल्याणच्या पोटात दुसरंच होतं. शालू नाला पार करायला शिकली की आपण तिच्यामागं बसायचं. ताठ बसून डांबरीवर जायचं, तिथून धावड्याला, जमलं तर भोकरदनच्या बाजारात. हे तो कुणाला बोलला नव्हता. दुपारी सासू-सून रानात गेल्या की तो गाडी ओट्याला टेकवायचा, ओट्याच्या कडेवर सरकायचा आणि डावा पाय दोन्ही हातांनी उचलून सीटवरून पलीकडं टाकायचा. पहिल्या दिवशी ते जमेपर्यंत त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. आता तो सहज मागं बसत होता. बसायचा, समोरच्या रिकाम्या जागेकडं बघायचा आणि थोड्या वेळानं उतरायचा.

नाल्याकडून शालू गाडी ढकलत आली. कल्याणचा जुना शर्ट, खाली सलवार, कोपराला चिखल.

"पडली?" त्यानं विचारलं.

"पडले न्हाई. टेकला."

"कुठं?"

"त्याच काळ्या धोंड्यावर. बाकी सारं बराबर गेलं." तिनं गाडी लिंबाला टेकवली आणि तांब्याभर पाणी एका दमात प्याली. "चाक वर चढतंय. पण मला मागं झुकाया जागाच न्हाई. सीट आडवी येती."

"क्लच जल्दी सोडून राह्यली तू."

"क्लचचं काही न्हाई त्याच्यात."

"मंग टाकीत पेट्रोल जास्त असंल. निम्मं काढू. चेनचं पुढचं दात्याचं चाक बदलून बघू..."

शालूनं ढिगाकडं पाहिलं, मग गाडीकडं. गाडीचं सगळं अंग उघडं पडलं होतं. हाडं तेवढी राहिली होती, आणि त्या हाडांवर ती लांबलचक काळी सीट मात्र पहिल्यासारखीच बसलेली होती. तिच्याखाली मागं बसणाऱ्याची पायदानंही जागच्या जागी होती.

"सारं काढलं तुम्ही," ती म्हणाली. "जाळी काढली, दिवा काढला. चेनकव्हरसुदिक काढलं. सीटला न्हाई हात लावला."

"सीटचं काय वजन? फोम हाये नुसता."

"तुम्हीच म्हणल्ते ना, ट्रायलच्या गाडीला सीट नसती म्हणून. पहिल्याच दिवशी म्हणल्ते."

कल्याण पान्याला लागलेलं ग्रीस पुसत राहिला. पाना कधीच स्वच्छ झाला होता. आता सांगून टाकावं असं त्याला वाटलं. शालू नाही म्हणणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. ती कधीच नाही म्हणत नव्हती. त्याला उठवून बसवायचं, न्हाऊ घालायचं, औषधाची वेळ पाळायची, कुठंही तिनं तोंड वाकडं केलं नव्हतं.

"बसूनबी चालवता आली पाह्यजे की गाडी," तो म्हणाला. "ट्रायल झाल्यावर घरी लागंल ना. मागं कोणी बसायचं म्हणलं तर..."

"लग्नापासून मीच बसले मागं," शालू म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून कल्याणला जास्त लागलं. ती ओट्याच्या कडेवर बसली आणि कोपराचा चिखल नखानं काढू लागली. "मला त्या ट्रायलचं एवढं न्हाई. नंबर आला काय आन् न्हाई आला काय. पण एकदा मला त्या धोंड्यावरून पल्याड जायचं हाये. एकटीनं. दवाखान्यात न्हाई, औषधं आणाया न्हाई, कुणाला घेऊन न्हाई. उगंच. डांबरीवर जाऊन यायचं, बस. तुम्ही इथं अडकलेत तव्हापासून मीबी इथंच हाये ना."

नंदाबाईचा हात मिरचीच्या देठावर थांबला. आपण एकटेच कोंडलोय, हे कल्याणनं इतके दिवस इतकं मन लावून धरलं होतं, की शेजारच्या बाजेवर झोपणारं माणूस त्याला कधी दिसलंच नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. सीटही सोडवत नव्हती. दोन्ही एकदमच.

मग त्यानं वॉकर ओढला.

"बारा नंबरचा पाना दे. आन् हॅक्सॉ."

"हॅक्सॉ कशाला? बोल्ट खोलले की निघंल सीट."

"सीट काढून भागत न्हाई. खालचं लोखंड तसंच मागं आलेलं हाये. उद्या कमरेत घुसंल तुझ्या. शेपूट कापावं लागंल."

"कल्याण," नंदाबाई म्हणाली, "इचार करून काप. परत जुळत न्हाई ते."

"वेल्डिंग होतं, माय."

"होतं की," ती म्हणाली, आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

सीट पटकन निघाली. लोखंडाला मात्र वेळ लागला. शालूनं मागचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि कल्याण बाजेवर बसून करवत चालवू लागला. बारीक काळा चुरा त्याच्या मांडीवर पडत होता. मधेच पातं तुटलं. शालू म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, उद्या करू," पण त्यानं नवं पातं लावलं. उद्यावर गेलं तर आपला हात उठणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. अखेर शेपूट, त्याच्यावरच्या पायदानांसकट, शालूच्या हातात आलं. ती एक पाऊल मागं झाली.

त्यानं ते काट्याला लावलं. सुई चांगली खाली आली.

"बघ," तो म्हणाला. "एवढं वजन उगंच घेऊन फिरत होती."

कापलेली टोकं कानशीनं घासून झाल्यावर शालूनं किक मारली. सायलेन्सर निम्मा काढलेला, त्यामुळं आवाज साऱ्या वस्तीभर झाला. कोंबड्या पळाल्या. ती पुढच्या पायदानांवर उभी राहिली, एकदा दोघांकडं पाहिलं आणि नाल्याच्या वाटेनं निघाली. बांधाच्या वळणाशी तिची पाठ दिसेनाशी झाली.

कल्याण ओट्यापर्यंत गेला. बसायला वळला, तर नंदाबाईनं तिथं सीट आणून ठेवली होती. तिच्यावरची धूळ पदरानं पुसलेली होती. ती पुन्हा मिरच्यांकडं वळली होती.

तो सीटवर बसला. पुढं नाही, सवयीनं मागच्या बाजूला.

आवाजावरून त्याला सगळं कळत होतं. आता उतार. आता गोटे. आता वाळूचा पट्टा, तिथं चाक थोडं घसरणार, घसरलं. मग इंजिन दबलं, जवळजवळ बंद पडल्यासारखं झालं. काळा धोंडा. "मागं झुक," तो पुटपुटला. त्यानं दोन्ही हातांनी डावा पाय उचलला आणि जमिनीपासून वीतभर वर धरला. खुब्यात कळ आली. त्यानं दात आवळले.

"पाय खाली घे रे," नंदाबाई म्हणाली. "रात्री ठणकंल."

"थांब, माय," कल्याण म्हणाला. "नाला सरला न्हाई अजून."