लिंबूगोळ्यांची डबी

मित्रांनो, मी पत्र्याची जुनी डबी आहे. तळहाताएवढी, पिवळी, कडेचा रंग उडालेली. माझ्या पोटात लिंबाच्या आंबटगोड गोळ्या असत आणि मी असे डेल्बर्ट कूलमनच्या शर्टाच्या डाव्या खिशात. त्याचे काळीज माझ्या पाठीला टेकलेले होते. म्हणून त्याची भीती त्याच्या बायकोच्याही आधी मला कळली.

एका कारखान्यात पत्रा दाबून मला घडवले, झाकणावर दोन लिंबे रंगवली. नेब्रास्कातल्या लहानशा गावात, औषधांच्या दुकानातून डेल्बर्टने मला उचलले. तो गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचा. दर गुरुवारी रिंगणात वासरे येत, भोवतीच्या बाकांवर रुंद टोप्यांचे पशुपालक बसत, आणि मंचावरून त्याचा पुकारा सुटे:

"तीस रे तीस, कोण म्हणतो एकतीस? एकतीस आले, बत्तीसवाले कुठे गेले?"

जात्यातून पीठ झरावे तसे आकडे झरत. दूरदूरची माणसे नुसते ऐकायला येऊन बसत.

पण पुकारणाऱ्यांची एक रीत होती. पुकारा चालू असताना पाणी प्यायचे नाही. एका घोटापुरते थांबलात तर बोली गार पडते, चढता भाव खाली बसतो, असे डेल्बर्टच्या बापाने त्याला शिकवले होते. म्हणून तोंड सुकू लागले तेव्हा त्याने पेला जवळ केला नाही, मला जवळ केले. एक गोळी गालात ठेवायची, ती विरली की दुसरी. दिवसाला वीस-वीस. मला केवढा अभिमान वाटे! या गड्याचा गळा माझ्यावर चालतो, असे मी मनात म्हणे.

मग तोंड सुकणे वाढत गेले. जीभ टाळूला चिकटू लागली. ओठांचे कोपरे चिरले. रोजचा पाव घशात अडके.

"अरे, दोन घासांना तीन पेले कॉफी?" त्याची बायको आर्लिस म्हणाली. "घास काय पोहत जाणार आहे पोटात?"

"कॉफी छान झालीय गं, म्हणून पितोय."

"माझी कॉफी छान? चाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकतेय. आता मात्र मला खरंच भीती वाटायला लागली."

तो हसला. पण मला आतले ठोके ऐकू येत होते. रोज सकाळी गाडीच्या आरशात तो जीभ बाहेर काढून बघे. भेगाळलेली, लाल जीभ, तिच्यावर पांढरे डाग. त्याच्या बापाला जिभेचा कर्करोग झाला होता. लिलावांचा तो राजा शेवटचे सहा महिने पाटीवर लिहून बोलत होता. डेल्बर्टला वाटे, तेच आता आपल्या दारात उभे आहे. डॉक्टरकडे गेलो तर त्याचे नाव घेतले जाईल, आणि नाव घेतले की ते घरात शिरेल. मग तो काय करी? आणखी एक गोळी गालात टाकी.

ऑक्टोबरातला एक गुरुवार. रिंगणात गवताची धूळ भरून राहिली होती. "एकतीस आले, ब..." एवढे म्हणून तो थांबला. गालातली गोळी चावताना कट्ट आवाज झाला होता. फुटली ती गोळी नव्हती, दात होता.

रिंगणात वासरे हाकणारा होयट हा आर्लिसचा भाऊ. तो खालून ओरडला, "दाजी, भाव ऐकून तुमचीच बोबडी वळली काय?"

सगळे हसले. मग त्यांनी डेल्बर्टचे तोंड पाहिले आणि हसणे जागच्या जागी विझले. वासरे तेवढी गोल फिरत राहिली.

आर्लिसने त्याला दंतवैद्यांकडे नेले, घरातल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या कागदी पिशवीत भरून. डॉक्टर रोझलिन वीट यांनी एकेक बाटली बाहेर काढली.

"ही शिंकांची गोळी किती घेता?"

"एक लिहिलीय. धूळ फार असते बाई, मी दोन घेतो."

"आणि ही झोपेची?"

"रोज रात्री."

"दोन्हींत औषध एकाच जातीचं आहे. नाक सुकवतं तसं तोंडही सुकवतं. आणि वरून तुम्ही काय घेता?"

डेल्बर्टने मोठ्या विश्वासाने मला पुढे केले. "ह्या डबीनंच तर तगवलंय मला."

झाकण उघडले. मी थिजले.

"लाळ ही दातांची राखणदार," त्या म्हणाल्या. "ती अन्न धुते, आंबट मारते. राखणदार गेलेला, आणि तुम्ही दिवसभर गालात साखर आणि आंबट धरून बसलात. सहा दात किडलेत."

मी! ज्याचा गळा मी राखते म्हणत होते, त्याचे दात मीच खाल्ले होते.

"आणि... जीभ?" त्याने विचारले. आवाज इतका बारीक, की मलाच आधी ऐकू आला.

त्यांनी जीभ धरून कितीतरी वेळ पाहिले. "पांढरं आहे ते बुरशीसारखं दिसतंय, त्यावर औषध आहे. कडेला एक जखम आहे. तिचा तुकडा तपासायला पाठवू. रक्तही तपासून घ्या. मधुमेहानं तोंड सुकतं, लाळेच्या ग्रंथींच्या आजारानंही."

नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत डेल्बर्ट घरात पुकारा करायचा, अगदी हळू, भिंतीकडे तोंड करून, जणू उरलेले शब्द संपवून टाकायचे होते. आर्लिस दाराआड उभी राहून ऐके.

दहाव्या दिवशी कळले, जखम तुटक्या दाताच्या धारेने झाली होती. कर्करोग नव्हता. रक्तही चांगले निघाले. आर्लिस स्वयंपाकघरात खाली बसली आणि एप्रनमध्ये तोंड खुपसून रडली.

मग डॉक्टरांनी शिंकांची आणि झोपेची औषधे बदलली. नाकात फवारा आला, धुळीत तोंडावर फडके आले. तोंडाला झोंबणारे चूळ भरायचे औषध गेले, बिनसाखरेचे च्युइंगगम आले. रात्री हिरड्यांना ओलावा देणारा लेप, उशाशी हवा ओलसर ठेवणारे वाफेचे यंत्र. दोन दात वाचले नाहीत. तोंड पहिल्यासारखे पाणावले नाही, पण जीभ सुटली. आता तो पुकाऱ्यात मध्येच थांबून घोट घेतो. लोक वाट बघतात.

मी रिकामी, गुरांच्या बाजाराच्या कचेरीत खिडकीवर पडून असते. परवा होयटने मला उचलले.

"दाजी, ही पडूनच आहे. मी नेऊ? हल्ली तोंड फार सुकतं. गोळ्या भरून ठेवीन."

माझा पत्रा गार पडला.

मित्रांनो, रोजच सुकणारे तोंड ही नुसती तहान नसते. घरात कुणाचे असे होत असेल, तर त्याच्या हाती माझ्यासारखी डबी देऊ नका. त्याची औषधे, त्याचे दात, त्याची जीभ कुणा जाणत्याला दाखवा. भीतीला गोड लावून गालात ठेवू नका. मी तेच केले आहे, मला माहीत आहे.

डेल्बर्टने होयटच्या हातातून मला काढून घेतले. "किती दिवस झाले?"

"दोनेक महिने. वय झालं, दुसरं काय!"

"तुझ्या औषधांच्या बाटल्या पिशवीत भर आणि गाडीत बस."

"अहो, पण वासरं?"

"वासरं थांबतील," डेल्बर्ट म्हणाला आणि त्याने टोपी घातली.