सहा जोड्या

संताप कुणावर काढावा ते कळेना, म्हणून मी माझ्या गाईडवर, सुमंत सरांवर काढला.

"०.०१२ आलंय सर. आणि तुम्ही म्हणता सिद्ध होत नाही?"

कामठीच्या एका पॉवरलूम शेडमधल्या माणसांचे कान मी वर्षभर तपासत होते. माग चालवणारे, मागासाठी सुताची कांडी भरणाऱ्या बायका, पॅकिंगवाले आणि ऑफिसातले, असे चार गट. मालकानं कबूल केलं होतं, ज्या खात्याचं नुकसान रिपोर्टात सिद्ध होईल त्यांनाच आवाज अडवणारे इअरमफ. क्रुस्कल-वॉलिस चाचणीनं चारही गट सारखे नाहीत, एवढं सांगितलं. कोणता वेगळा, ते ती सांगत नाही. त्यासाठी दोन-दोन गटांच्या जोड्या लावाव्या लागतात, आणि जोड्या जितक्या जास्त तितकी प्रत्येकीची अट कडक. मागवाले सहज पार झाले. कांडीवाल्या अडकल्या: सहा जोड्यांसाठी आकडा ०.००८३ च्या आत हवा होता, ऑफिसशी त्यांचा ०.०१२ आला.

"फक्त ऑफिसशी तुलना करू ना. तीनच जोड्या. मर्यादा ०.०१६७ येते, कांडीवाल्या पार. मागवाले आणि पॅकिंगवाले यांच्यात फरक किती, हे विचारलंय कुणी?"

"कुणीच नाही. मग काम सुरू करण्याआधी दिलेल्या सिनॉप्सिसमध्ये सहाही जोड्या लावीन असं कशाला लिहिलंस? आता आकडे बघून जोड्या निवडल्यास तर मालक पहिलं तेच पान दाखवेल. आणि त्याचं बरोबर असेल."

ते पान मी लिहिलंच नव्हतं. आमच्या डिपार्टमेंटात ते सगळेच सीनियरकडून उचलतात. मी सौरवदादाचं उचललं, 'मास्क' खोडून 'कान' घातलं. त्याला चार मास्क एकमेकांशी ताडून बघायचे होते, त्याला सहा जोड्या हव्याच होत्या. मला नको होत्या. दोन मिनिटं डोकं चालवलं नाही मी. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

रिपोर्ट सहा जोड्यांनीच गेला. दुसऱ्या दिवशी मी कामठीला गेले. बावीस वर्षं कांडी भरणाऱ्या यमुताईंनीच बाकीच्या बायकांना समजावून तपासणीला आणलं होतं.

"काय आलं वं रिपोर्टात? भेटून राहिलं ना आमाले ते कानाचं?"

"सिद्ध नाही झालं, यमुताई," मी हळूच म्हणाले. "चूक माझी आहे."

त्यांनी कान पुढे केला. "जोरानं बोल वं. मले आयकू नाही येत."

मग मागांच्या खडखडाटात, सगळ्या बायकांसमोर, मला ओरडून सांगावं लागलं की तुमच्या कानांना काही झाल्याचं सिद्ध झालेलं नाही.