सगळ्यांत हलकी नळी

मी एका शिकारी रायफलची जुनी नळी आहे, मित्रांनो. बाहेरून मी अजून चकचकीत दिसते, पण आतून पार गंजले आहे. लांबी बावीस इंच, वजन जेमतेम पावणेदोन पौंड. या हलकेपणासाठीच मला निवडलं गेलं.

पोलादाच्या एका भरीव दांड्याला आरपार भोक पाडून मला घडवलं. मग आत पीळदार खाचा कोरल्या. त्या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. शेवटी बाहेरून तासून तासून मला बारीक केलं आणि वरून गंज न चढणारा मुलामा दिला. २००४ च्या उन्हाळ्यात मी विस्कॉन्सिनमधल्या एका लहान गावात, वॉल्टर नावाच्या कारागिराच्या दुकानात आले. वॉल्टर गिऱ्हाइकाला हवी तशी रायफल बांधून देई.

ऑगस्टमध्ये तिथे डॉक्टर श्रीरंग आले. शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून चार तास ड्राइव्ह करून. सोबत त्यांच्या पत्नी मृणालिनीकाकू. डॉक्टर नागपूरहून तरुणपणीच अमेरिकेत आलेले, नुकतेच रिटायर झालेले सर्जन. एका पेशंटने त्यांना हरणाच्या शिकारीला नेलं, तेव्हापासून तीस वर्षं नोव्हेंबरचा एक आठवडा त्यांनी कधी चुकवला नव्हता. काकू बंदुकीला हात लावत नसत, पण थर्मास आणि पुस्तक घेऊन रानात शेजारी बसून राहत.

वॉल्टरने टेबलावर तीन नळ्या मांडल्या. एक जाड, एक मधली आणि मी.

"डॉक, ही बारीक नळी काठीसारखी हलकी आहे," तो म्हणाला. "पण दोन-तीन गोळ्यांत तापते, आणि तापली की नेम सरकतो. शिवाय हलकी रायफल हातात स्थिर राहत नाही. माझं ऐका, मधली घ्या."

"मधलीच घ्या ना," काकू म्हणाल्या. "अर्ध्या पौंडाचाच तर फरक आहे."

"अगं, मागच्या वर्षी ती टेकडी चढताना जीव गेला माझा. मला लाइटच हवी."

"हात कसा आहे?" वॉल्टरने विचारलं.

डॉक्टर हसले. "चाळीस वर्षं याच हातांनी ऑपरेशनं केली मी!"

आणि त्यांनी मला उचललं. मित्रांनो, पोलादाला बारीकशी थरथरही या टोकापासून त्या टोकापर्यंत कळते. त्यांचा उजवा हात थरथरत होता. वॉल्टरचं लक्ष वहीत होतं, काकू मधली नळी न्याहाळत होत्या. डॉक्टरांनी चटकन दुसरा हातही माझ्यावर ठेवला. थरथर झाकली गेली. मला कळलं होतं, पण मी कुणाला सांगणार?

वॉल्टरने मला रायफलवर बसवलं, आणि पहिली दोन वर्षं चांगली गेली. डॉक्टर मला झाडाच्या फांदीवर टेकवून नेम धरत. दोन्ही वर्षी पहिल्याच गोळीत हरण पडलं. "वॉल्टरने कमाल केली यार!" ते मित्रांना फोनवर सांगत. रोज संध्याकाळी ते मला आतून पुसत, तेलाचा हात फिरवत. त्या दिवसांत मी खूश होते.

मग २००६ चा नोव्हेंबर आला. सकाळी ओढ्याकाठी एक नर हरण दिसलं. टेकायला जवळ फांदी नव्हती. डॉक्टरांनी उभ्यानेच गोळी झाडली. ती हरणाच्या मागच्या पायाला लागली. त्यांनी घाईघाईने दुसरी झाडली, तिसरी झाडली. मी तापले. चौथी गोळी चिखलात गेली. हरण फरफटत ओढ्यावरच्या पातळ बर्फावरून पलीकडे गेलं आणि वाळक्या गवतात बसलं. बर्फ मध्येच फुटला होता. माणसाला तिथून जाणं शक्य नव्हतं. पूल तीन मैलांवर.

आता त्याचा त्रास संपवणारी एक नीट गोळी हवी होती. मी थंड होईपर्यंत डॉक्टर थांबले. मग गुडघ्यांवर बसून त्यांनी मला एका ओंडक्यावर टेकवलं. तरीही माझं टोक हरणावरून झुडपावर, झुडपावरून पाण्यावर भरकटत राहिलं.

"अहो, तुमचा हात बघा," काकू हळूच म्हणाल्या. "कधीपासून होतंय हे?"

"दोन वर्षं झाली."

"आणि मला बोलला नाहीत?"

"सर्जनचा हात गं हा. काय बोलू?"

"मग आता झाडू नका. प्लीज."

"ते तिकडे तडफडतंय, मृणाल!"

"जमणार आहे का तुम्हाला? खरं सांगा."

डॉक्टरांनी ट्रिगरवरचं बोट काढलं. "नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी मला बर्फात ठेवून दिलं.

माझ्यामागे गोळी भरलेली होती. त्या जनावराची सुटका करू शकेल असं त्या रानात दुसरं काही नव्हतं. आणि मी नुसती पडून होते. हरणाने दोनदा मान वर केली. दोघं पुलावरून वळसा घालून पलीकडे पोचले, तेव्हा तिथे दबलेलं गवत आणि रक्त एवढंच होतं. उजेड असेपर्यंत त्यांनी शोधलं. ते सापडलं नाही.

घरी आल्यावर डॉक्टरांनी मला पुसलं नाही. ओलीच बेसमेंटच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. पुढली दोन वर्षं ते कपाट उघडलं गेलं नाही. गंज आधी एका खाचेत शिरला, मग सगळीकडे पसरला. मला तो जाणवत होता. थांबवता येत नव्हता.

२००८ मध्ये ते मला वॉल्टरकडे घेऊन आले. तोवर औषधं सुरू झाली होती, पण हात काही पूर्वीसारखा होणार नव्हता. वॉल्टरने दिवा धरून आत पाहिलं आणि मान हलवली.

"ही गेली, डॉक. दुसरी बसवू?"

"बसवा, आणि रायफल कुणाला तरी देऊन टाका," डॉक्टर म्हणाले. मग म्हणाले, "तुम्ही मला हात कसा आहे विचारलं होतंत. मी उत्तर टाळलं."

वॉल्टरने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मित्रांनो, कुठलीही वस्तू ओली, मळकी ठेवून देऊ नका. त्याच संध्याकाळी पुसलं असतं तर मी वाचले असते. आणि घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाचा हात थरथरताना दिसला, तर नजर वळवू नका. जवळ जा, तो हात हातात घ्या आणि विचारा. ते हसण्यावारी नेतील. पुन्हा विचारा. मला सगळ्यांच्या आधी कळलं होतं, पण मला विचारता आलं नाही. तुम्हाला येतं.