वास गेलेली टाकी

इंदापुरातल्या एका कॉलेजात, रसायनाच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं शिपाई होते. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या, पोरांनी सांडलेलं पुसायचं. माझी नात श्रेया आता बारावी सायन्सला आहे. तिचं पुस्तक उघडलं की आतली नावं मला जुन्या शेजारणी भेटल्यासारखी वाटतात.

गेल्या फेब्रुवारीत, लासुर्ण्याच्या आमच्या घरी, ती ओट्यावर बसून प्रॅक्टिकलची तयारी करत होती. अंगणापलीकडं माझा मुलगा विजयसिंह, तिचा बाप, गोबर गॅसच्या टाकीशी खपत होता. टाकी वर्षभर बंद होती. वरचा शेणकाला त्यानं उपसला होता, तळाचा गाळ उरला होता. सकाळी झाकण काढलं तेव्हा सडक्या अंड्यांचा वास घरात शिरला होता. अकराच्या सुमारास त्यानं बांबूची शिडी आत सोडली. ती तळाला पुरेना म्हणून तिचं टोक काठावरच्या कडीला दोरानं बांधून ती टांगली.

"आई, वास गेला बघ," तो म्हणाला. "टाकी मोकळी झाली. आता उतरतो."

मी गुरांसाठी कडवळ कापत होते. हातातला विळा थांबला.

हेच बोलणं मी एकदा ऐकलं होतं. तोच वास तयार करणारं एक काचेचं उपकरण आमच्या प्रयोगशाळेत होतं. एका दिवाळीच्या सुट्टीत त्याची तोटी उघडी राहिली, खिडक्या बंद. माझ्याबरोबर कामाला असलेली जयवंता आधी आत गेली. "आता न्हाय गं वास येत," असं आतून म्हणाली आणि फरशीवर पडली. ती जगली. पण पुढं लेकरांची नावं काही तिला आठवली नाहीत.

"आप्पा, थांबा!" श्रेया पळत आली. "गॅस गेला न्हाय, तुमचं नाक बधिर झालंय. लई गॅस असला की वासच कळत न्हाय."

"कुणी सांगितलं?"

"सरांनी."

"तुझ्या सरांनी कधी शेणात हात घातलाय का?"

तिनं पायातलं चांदीचं पैंजण काढलं, दोऱ्याला बांधून टाकीत सोडलं आणि मान बाजूला वळवून धरून राहिली. दहा मिनिटांनी वर काढलं. काळंठिक्कर.

"शेणकाल्यात बुडाल्यावर पांढरं राहील व्हय?" विजयसिंह हसला.

"बुडवलं न्हाय, अधांतरी धरलं हुतं. त्या गॅसनंच चांदी काळी पडती."

"बरं बाईसाहेब, उद्या पेपरात लिवा ह्ये." त्यानं ओला टॉवेल नाकाला बांधला. "पाच मिनिटांचं काम हाय."

त्यानं एक पाय शिडीवर टाकला. मी त्याची बंडी धरून मागं खेचलं.

"आई, ल्हान हाय का मी?" पाय बाहेर काढून तो माझ्यावर उखडला. तेवढ्यात मी दोरावर विळा चालवला. शिडी धाडकन आत गेली.

"येड लागलं का तुला? शिडी घालवलीस की!"

खाली गाळ ढवळला गेला होता. बुडबुडे फुटल्याचा आवाज येऊ लागला आणि थांबेचना.

"मागं व्हा! दोघंबी मागं व्हा!" श्रेयानं आम्हाला हाताला धरून गोठ्यापर्यंत ओढत नेलं.

एक कोंबडी टाकीच्या काठाशी किडे टिपत होती. ती स्वतःभोवती एकदा फिरली, पंख पसरले आणि आडवी झाली. परत हलली नाही. मला कसलाही वास आला नाही.

विजयसिंह कोंबडीकडं बघत राहिला. टॉवेल सोडायला गेला, पण त्याला गाठ सुटेना.

"आई," तो म्हणाला, "दोर बांधताना मी किती येळ वाकलो हुतो गं?"

मी त्याच्या टॉवेलची गाठ सोडू लागले. श्रेया तोवर त्याला दवाखान्यात नेण्यासाठी गाडी थांबवायला रस्त्याकडं धावली होती.