बोट्स्वानाचा जाणकार

प्रबुद्ध गजभिये इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या एका कन्सल्टन्सीत बसून देशांच्या ओळखी करून द्यायचा. म्हणजे कुठल्या कंपनीला बोट्स्वानात धंदा करायची हुक्की आली, की ती याच्या ऑफिसकडून 'कंट्री प्रोफाइल' विकत घ्यायची. त्यात हवामान, राज्यघटना, हिरे, गुरंढोरं, तिथल्या माणसांशी कसं बोलावं आणि कसं बोलू नये, सगळं प्रबुद्धने लिहिलेलं. बोट्स्वाना, नामिबिया, झांबिया आणि लेसोथो हे त्याच्या वाट्याचे देश. यातल्या एकाही देशाच्या मातीला त्याचा पाय लागलेला नव्हता. आफ्रिकेच्या सगळ्यांत जवळ तो गेला होता टेनेरिफ बेटावर, तोही ऑल-इन्क्लुझिव्ह पॅकेजवर. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त याच्या उंटाला सेंट्रल हीटिंग होतं.

बरं, माणूस वाईट नव्हता. खोड एकच. समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ द्यायचं म्हणजे याच्या जिवावर यायचं. त्यातून त्या वाक्यात एखादं साल, एखादा आकडा चुकला, की झालंच. याची बायको यमुना फार्मसिस्ट. ती म्हणायची, "अहो, लोकांना बरोबर माहिती नको असते, कंपनी हवी असते." पण ऐकतो कोण?

तर अशा या जाणकाराच्या एकुलत्या एका मुलीने, दियाने, एका रविवारी जेवताना सांगून टाकलं की तिला लग्न करायचंय. मुलगा तिच्याच हॉस्पिटलात नर्स. नाव कागिसो. गाव मोचुडी, देश बोट्स्वाना.

"बोट्स्वाना!" प्रबुद्ध खुर्चीतून उठलाच. जावयाचा आनंद किती आणि विषय हाती लागल्याचा किती, देव जाणे. आणि देव याच्या घरात नव्हताच. पुढच्या आठवड्यात कागिसो जेवायला आला, तेव्हा प्रबुद्धने त्याला दोन तास बोट्स्वानाची माहिती दिली. कालाहारी किती मोठं, हिरे कधी सापडले, स्वातंत्र्य कधी मिळालं. पोरगं गुणाचं. "येस सर, येस सर" करत तिसऱ्यांदा भात घेत राहिलं.

घोडं अडलं ते पुढे. दिया म्हणाली, "बाबा, त्याचा मामा येणारे तिकडून. आणि मावशी. मला मागायला. But ते तुमच्याशी नाही बोलणार. माझा मामाशी बोलणार. Parents खोलीत बसत पण नाही."

"माहितीये मला. सेक्शन सहा, कुटुंब आणि समाज. मीच लिहिलंय," प्रबुद्ध म्हणाला. लिहिताना हे आपल्यालाही लागू होईल असं मात्र त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"आणि बाबा, it's serious. कागिसो मामाच्या हो शिवाय लग्न नाही करणार. And मी त्याला तसं करायला सांगणार पण नाही."

आता दियाचा मामा म्हणजे कॉव्हेंट्रीचे दादासाहेब, यमुनाचे थोरले भाऊ. मूळचे नागपूरचे, जन्मभर कॉव्हेंट्रीत बस चालवली, युनियन चालवली, आता रिटायर होऊन तिथल्या विहारात आंबेडकर जयंती चालवायचे. चार वर्षांपूर्वी अशाच एका जयंतीला ते स्टेजवरून महाडच्या सत्याग्रहावर बोलत होते. आवाज टिपेला पोचलेला, बाया डोळे पुसतायत, आणि तिसऱ्या रांगेतून हे आमचे जाणकार उभे राहिले. "दादासाहेब, साल चुकलं. सत्तावीस. तुम्ही एकोणतीस म्हणालात." दादासाहेबांनी माईक टेबलावर ठेवला आणि खाली उतरले. तेव्हापासून प्रबुद्धशी बोलणं बंद. साल प्रबुद्धचंच बरोबर होतं, म्हणून तर प्रकरण मिटेना. चुकला असता तर माफी मागून मोकळा झाला असता.

पण अडला हरी, गाढवाचे पाय धरी. प्रबुद्धने फोन लावला. "जय भीम, दादासाहेब."

"जय भीम. कोन?"

कोण ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. प्रबुद्धने सगळं सांगितलं. पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"पोरीसाठी येतो," शेवटी दादासाहेब म्हणाले. "पन ऐकून घ्या जावईबापू. बोलीन मी. तुमी एक शब्द नाही. तोंड उघडलं का मी उठलो अन् चाललो कॉव्हेंट्रीले."

प्रबुद्ध कबूल झाला. मग त्याच रात्री दियाने उरलेली अर्धी गोष्ट सांगितली. मुलाकडचे गायी देणार होते. बोगाडी म्हणतात तिकडे. सेक्शन सहामध्ये तीही होती.

प्रबुद्धचं डोकंच फिरलं. "गायी? मुलीच्या बदल्यात? अगं, आमचं लग्न नागपूरला एका हॉलमध्ये झालं. समोर बुद्ध आणि बाबासाहेब, अंगावर पांढरे कपडे. ना हुंडा, ना मानपान. तुझ्या आजोबांनी चहासुद्धा आपापल्या पैशाने प्यायला लावला लोकांना. आणि मी गायी मोजून घेऊ?"

"तुम्हीच लिहिलंय ना ते?" यमुना म्हणाली.

"लिहिणं वेगळं!"

"मला पण आवडत नाही, बाबा," दिया म्हणाली. "But मामाला बोलू दे त्यांच्याशी. तुम्ही फक्त गप्प बसा. Please." असं म्हणून तिने त्याचा हात धरला. प्रबुद्धने मान हलवली.

शनिवारी दुपारी पाहुणे आले. मामा मोलेफी उंच, करडा सूट, हातात हॅट. मावशी ठेंगणी, खांद्यावर जाड शाल, जुलै महिना असून. नवऱ्या मुलाने यायचं नसतं, म्हणून कागिसो बिचारा सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये गाडीत बसून सँडविच खात होता. दार प्रबुद्धनेच उघडलं. "दुमेला रा! दुमेला मा!" तिकडचा नमस्कार, रा म्हणजे साहेब, मा म्हणजे बाई. इथपर्यंत ठीक होतं. पण दारापासून सोफ्यापर्यंतच्या चार पावलांत त्याने त्यांना त्यांच्याच जिल्ह्याचं पर्जन्यमान सांगून टाकलं. दादासाहेबांनी नुसतं बघितलं. प्रबुद्ध मुकाट्याने किचनमध्ये गेला.

किचन आणि लाउंजच्या मधल्या भिंतीत ताटं पलीकडे सरकवायला एक छोटी खिडकी होती, जुन्या घरांत असते तशी. मायलेकी ओट्याशी उभ्या राहिल्या आणि प्रबुद्ध त्या खिडकीला कान लावून बसला.

बाहेर बोलणं इंग्रजीत चाललं होतं. चाललं होतं म्हणजे काय, रांगत होतं. मोलेफींनी विचारलं, प्रवास कसा झाला? दादासाहेबांनी एम-फोर्टीवरची रस्त्याची कामं सांगितली. मग दादासाहेबांनी विचारलं, तिकडे पाऊस कसा आहे? मग दोघं गप्प. मग चहा. मग मोलेफींना दादासाहेबांच्या गुडघ्याची चौकशी करावीशी वाटली. दोघंही असे निवांत, जणू लग्नाची बोलणी पुढच्या जन्मी करायचीत.

"मुद्द्यावर का येत नाहीत?" प्रबुद्ध कुजबुजला.

"तुम्हीच लिहिलंय, बैठकीत घाई करू नये," यमुनाने टोला हाणला.

अखेर मोलेफींनी हॅट गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "आम्ही या घरी पाणी मागायला आलोय. एक भोपळाभर पाणी."

यमुना ग्लास घ्यायला वळली, तसा प्रबुद्धने तिचा हात धरला. "अगं, मुलगी मागतायत. तिकडे असंच म्हणतात." दियाने एकदम ओढणी तोंडाला लावली.

दादासाहेबांना हे कोणी सांगितलं नव्हतं, पण त्यांना बरोब्बर कळलं. पाणी हा शब्द ऐकून ते सरळ बसले. "मोलेफी, आमच्याकडे पाणी मागणाऱ्याला कोणी नाही म्हणत नाही. का ते सांगतो. आमच्या लोकांना तळ्याचं पाणी प्यायची बंदी होती. गुरं प्यायची, कुत्री प्यायची, आम्ही नाही. मग आमचे बाबासाहेब हजारो माणसं घेऊन महाडला गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. एकोणीसशे एकोणतीस साली."

खिडकीमागे प्रबुद्धच्या घशातून बारीक आवाज आला. यमुनाने त्याच्याकडे डोळे वटारले. त्याने खालचा ओठ दातांत धरला आणि भिंतीवरच्या टाइल्सकडे बघत राहिला. एकोणतीस तर एकोणतीस. लाउंजमध्ये मावशी शालीने डोळे टिपत होती.

"हे आम्हाला सांगितलंत, बरं झालं," मोलेफी म्हणाले. "आमच्याही आजोबांना गोऱ्यांच्या दुकानात मागच्या खिडकीतून माल घ्यावा लागे." थोडं थांबून ते म्हणाले, "आता गायींचं बोलू. आमच्याकडे आठ देतात."

आणि इथे माती खाल्ली. सालावर दाबून धरलेलं सगळं एकदम उसळलं. प्रबुद्धने खिडकीतून खांद्यापर्यंत डोकं बाहेर काढलं. "आम्ही मुलगी विकत नाही!"

 भिंतीतून निघालेल्या त्या मुंडक्याकडे बघून मावशीने शाल घट्ट गुंडाळून घेतली. मोलेफींनी हॅट उचलली आणि उभे राहिले. दादासाहेबही उभे राहिले. किचनमध्ये दिया फ्रिजला टेकून मटकन खाली बसली, आणि प्रबुद्धने डोकं आत ओढून तिच्याकडे बघितलं. स्वतःच्या हाताने घालवलंस पोरीचं, त्याला वाटलं. आता बोल अजून.

"एक सांगतो आणि निघतो," मोलेफी म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्याचं जास्त वाईट वाटलं. "माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात गायी आल्या नाहीत. पुढे नवरा तिला मारायला लागला, तेव्हा मी जाब विचारायला गेलो. तिच्या सासरचे म्हणाले, तू कोण? कसल्या नात्याने आलास? गाय म्हणजे किंमत नाही, रा. गाय घेतली की तुम्हाला आमच्या दारात येऊन ओरडायचा हक्क मिळतो."

मग मोलेफींनी त्या खिडकीकडे बघितलं, आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "आमच्या गावसभेत म्हणतात, वाईट बोलणाऱ्यालाही बोलू द्यावं, म्हणजे चांगलं बोलणारा पुढे येतो. तुमच्याकडे वाईट बोलणारा तर आहे. दुसरा कुठंय?"

"आहे ना," दादासाहेब म्हणाले आणि त्यांना हाताला धरून खाली बसवलं. "तोंडाळ आहे आमचा जावई, पण खोटं नाही बोलला. बापाने मुलीवर काही घ्यायचं, हे आमच्यात बसत नाही. ओरडायचा हक्क मात्र पाहिजे, पुरता पाहिजे. आणि आणखी एक. आमच्यात पोरीला विचारल्याशिवाय पोरीचं ठरत नाही. दिया, बाहेर ये गं!"

मुलीने या बैठकीत यायचं नसतं. मावशीच्या भुवया वर गेल्या. दिया नाक पुसत बाहेर आली, मामाच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि म्हणाली, "गायी द्या. But माझ्या नावावर. बाबाच्या नाही, मामाच्या पण नाही. त्यांची वासरं पण माझी."

मोलेफींनी असलं कधी ऐकलं नव्हतं. ते मावशीला घेऊन मागच्या बागेत गेले. कुंपणापलीकडचा म्हातारा शेजारी गवत कापायचं सोडून टक लावून बघत होता. आत कोणीही कोणाकडे बघेना. बागेत मावशीच जास्त बोलत होती आणि मोलेफी मान डोलवत होते.

परत आल्यावर मोलेफी म्हणाले, "माझी ही थोरली बहीण म्हणते, तिच्या लग्नाच्या गायी तिच्या भावांनी संपवल्या, त्यातला एक मी. ती म्हणते, ही मुलगी आपल्यापेक्षा शहाणी आहे. तिच्या नावाच्या गायी माझ्या गोठ्यावर राहतील. आणि मी एक जरी विकली, तर हा खिडकीतला माणूस मोचुडीला येऊन माझ्या दारात ओरडू शकतो."

दादासाहेब गडगडून हसले. यमुना बाहेर येऊन मावशीच्या गळ्यात पडली. दियाने फोन काढून कार पार्कमध्ये मेसेज केला.

मग मोलेफी म्हणाले, "आता वडिलांना बोलवा. शब्द मामाने दिला, पण मुलगी बापाच्या घरातून जाते. त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी उठणार नाही."

प्रबुद्ध लाउंजमध्ये येऊन उभा राहिला. मोलेफीही उठले, हॅट छातीशी धरली आणि विचारलं, "रा, देता का?"

प्रबुद्धने तोंड उघडलं. आतापर्यंत त्याला मोचुडी नकाशावर दिसत होतं, राजधानीच्या उत्तरेला, रस्ता डांबरी. आज पहिल्यांदा त्याला तिथे दिया दिसली. अनोळखी अंगणात उभी, अनोळखी बायकांमध्ये, आणि आपण इतके लांब की तिची हाकसुद्धा ऐकू येणार नाही. त्याने तोंड मिटलं, परत उघडलं. आवाजच फुटेना. डोळ्यांतून मात्र घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि ते त्याने पुसलंही नाही.

सगळे थांबले. मोलेफींना थांबायची सवय होती, पण दिया घाबरली. "मामा, बाबा काहीच बोलत नाहीत!"

दादासाहेब उठले, गुडघा धरत दोन पावलं चालत आले आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी प्रबुद्धच्या खांद्यावर हात ठेवला.

"हो म्हनून राह्यला तो, बेटा," ते म्हणाले. "नाही म्हनायचं असतं, तर केव्हाचा बोलला असता."